बोट वेगात बंद पडते? कार्बोरेटर खोलण्याआधी रबरी बल्ब दाबून पाहा

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या पाण्यात किनाऱ्यालगत नीट चालणारी बोट थ्रॉटल पूर्ण उघडताच गचके देते आणि बंद पडते. अशा वेळी अनेक जण थेट कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) खोलतात. तो सगळ्यात शेवटी खोलायचा. पेट्रोल टाकीतून ज्या वाटेने इंजिनात येतं, त्याच वाटेने तपासत गेलं की बिघाड बहुधा पान्याला हात लावण्याआधीच सापडतो.

हळू चालताना ठीक आणि वेगात बंद, असं का होतं? ४० अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण थ्रॉटलला तासाला साधारण १५ लिटर पेट्रोल पितं, हळू चालीत त्याच्या तुलनेत अगदी थोडं. अर्धवट तुंबलेली नळी ही थोडी गरज भागवते, मोठी भागवू शकत नाही. त्यात पेट्रोल ओढणारा डायफ्रॅमचा (लवचीक पडद्याचा) पंप क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या बंद कप्प्यातल्या) दाबाच्या चढउतारावर चालतो, त्यामुळे त्याची ओढ मुळातच कमी.

सुटी टाकी असेल तर झाकणावरचा हवेचा स्क्रू आधी पाहा. तो बंद राहिला तर पेट्रोल गेलं तरी त्याच्या जागी हवा येत नाही आणि ओढ अडते. झाकण सैल करताच हवा आत शिरल्याचा आवाज आला, तर कारण मिळालं.

नंतर पेट्रोलच्या नळीतला, हाताने दाबायचा रबरी बल्ब. त्यावरचा बाण इंजिनाकडे असायला हवा. बाणाचं टोक वर धरून घट्ट होईपर्यंत दाबा, म्हणजे आतल्या झडपा नीट बसतात. कितीही दाबून घट्ट होत नसेल, तर कुठेतरी हवा शिरते आहे, झडप गेली आहे किंवा कार्बोरेटरची सुई अडकून पेट्रोल वाहून जातं आहे.

खरी परीक्षा पाण्यात, भार असताना. एकाने सुकाणू सांभाळायचं, दुसऱ्याने इंजिन दम सोडताच बल्ब पाहायचा. तो चपटा झाला असेल तर अडथळा बल्बच्या मागे: टाकीचा हवेचा मार्ग, आतली जाळी किंवा नळी. चपटा नाही, पण दाबत राहिल्यावर इंजिन सावरतं? मग पंप कमजोर आहे किंवा नळीत हवा शिरते आहे. दाबूनही काही फरक पडत नसेल तर बिघाड पंपापुढे, जेटमध्ये (कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात), नाहीतर तो इंधनाचा नसून स्पार्कचा आहे.

नळी बाहेरून चांगली दिसते म्हणून सोडू नका. जुन्या रबराचा आतला थर इथेनॉलने सुटतो आणि ओढ वाढली की पडद्यासारखा वाट बंद करतो. संशय असेल तर नळी बदलाच. हवा शिरते का हे पाहायला पंपाआधी काही वेळापुरता पारदर्शक नळीचा तुकडा जोडा, बुडबुडे दिसतील.

पाण्याचा त्रास पावसाळ्यात जास्त. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा शोषतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की ते इथेनॉलसह तळाशी उतरतं, आणि टाकीतली ओढनळी नेमकी तिथेच असते. फिल्टरमधलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून स्थिर ठेवा, दोन थर दिसले तर सगळी टाकी रिकामी करा. हे काम उघड्यावर, बॅटरी सुटी करूनच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळात साचते.

पंपाचा डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल पंपाला दाब देणाऱ्या छिद्रातून थेट क्रँककेसमध्ये जातं. मग एकाच सिलिंडरचा प्लग ओला निघतो. कार्बोरेटरमध्ये चिकटा साचला असेल तर जेट क्लीनर आणि दाबाच्या हवेने साफ करा. तार घालू नका, छिद्र मोठं होतं.

टू-स्ट्रोकमध्ये ही दुरुस्ती टाळणं महागात पडतं. ५०:१ मिश्रणात लिटरला २० मिली ऑइल असतं. पेट्रोल कमी पोहोचलं की ऑइलही कमी पोहोचतं, त्यात हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) झाल्याने पिस्टन तापतो आणि जाम होतो.

गोदेच्या पुरासाठी ठेवलेल्या बोटी वर्षाचा मोठा काळ उभ्या असतात. कार्बोरेटरचं इंजिन ठेवताना थंड करणारं पाणी चालू ठेवून पेट्रोलची नळी काढा, इंजिन आपोआप बंद होऊ द्या आणि मग फ्लोट बाउलचा (कार्बोरेटरच्या तळातल्या पेट्रोलच्या वाटीचा) खालचा स्क्रू उघडून उरलेलं पेट्रोल काढून टाका. जून लागण्याआधी ताजं पेट्रोल भरून पाण्यात, पूर्ण थ्रॉटलला दहा मिनिटं चालवून पाहा.