सत्यता कोष्टकामागील जुने वाद

गोव्यात तत्त्वज्ञान हा विषय घेतलेल्या विद्यार्थ्याची सांकेतिक तर्कशास्त्राशी ओळख होते, तेव्हा सत्यता कोष्टकातील, म्हणजे घटक विधानांच्या सत्यासत्यतेवरून संयुक्त विधानाची सत्यासत्यता दाखवणाऱ्या तक्त्यातील, एक ओळ त्याला हमखास खटकते. पूर्वांग (‘जर’नंतरचा भाग) असत्य असेल, तर ‘जर...तर’ या रूपाचे सोपाधिक विधान सत्य मानावयाचे, असे ती ओळ सांगते. विद्यार्थी ती पाठ करतो. परंतु हा नियम एका प्रदीर्घ वादातून पुढे आला आहे, हे त्याला ठाऊक असेल तर त्याचे खटकणे अगदी रास्त आहे, हेही त्याला उमगेल.

हा वाद इसवी सनापूर्वीच्या ग्रीसमधला आहे. पूर्वांग सत्य आणि उत्तरांग (‘तर’नंतरचा भाग) असत्य ही एकच स्थिती वगळता सोपाधिक विधान सत्यच असते, असे तर्कशास्त्रज्ञ फिलोने म्हटले; त्याचे गुरू डायोडोरस यांना एवढ्याने समाधान नव्हते, कारण अशी स्थिती कधीच संभवू नये, ही त्यांची अट होती. हा वाद इतका गाजला की छपरावरचे कावळेही कोणते सोपाधिक विधान सत्य याविषयी कावकाव करतात, असे कवी कॅलिमाकसने लिहिले. जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगे यांनी १८७९ मध्ये आपल्या चिन्हलिपीत फिलोचाच अर्थ घेतला, आणि १९२१ मध्ये तत्त्वज्ञ विटगेनस्टाइन व तर्कशास्त्रज्ञ पोस्ट यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे मांडलेल्या कोष्टकांमुळे तो रूढ झाला.

दुसरी अडचण ‘सर्व’ या शब्दाची आहे. ‘या कुळागरातील (बागायतीतील) सर्व माड फळले आहेत’ यावरून ‘काही माड फळले आहेत’ असा निष्कर्ष ॲरिस्टॉटलच्या परंपरेत निघतो; परंतु गणिती तर्कशास्त्रज्ञ बूल यांच्या १८४७ आणि १८५४ मधील ग्रंथांनंतर रुजलेल्या आधुनिक अर्थानुसार कुळागरात एकही माड नसला तरी पहिले विधान सत्य ठरते आणि दुसरे असत्य. म्हणूनच पारंपरिक गणनेतील २४ वैध संवाक्यांपैकी (दोन विधानांवरून तिसरे काढणाऱ्या अनुमान-प्रकारांपैकी) १५ च आज वैध मानली जातात. ही घट केवळ तांत्रिक तपशील म्हणून शिकवली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते; अस्तित्व गृहीत धरावे की नाही, हा तत्त्वज्ञानाचाच प्रश्न आहे.

गोव्यात हे शास्त्र आगंतुक नाही. १५५६ मध्ये जुन्या गोव्यात भारतातील पहिला छापखाना सुरू झाला, तेव्हा तेथून प्रथम छापल्या गेलेल्या मजकुरात जाहीर वादसभेसाठीच्या प्रमेयांचा (चर्चेसाठी मांडलेल्या सिद्धांतांचा) समावेश होता. तेथील सेंट पॉल महाविद्यालय चालवणाऱ्या जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या १५९९ च्या शिक्षणसंहितेत तत्त्वज्ञानाच्या तीन वर्षांची सुरुवात तर्कशास्त्राने होत असे, आणि पोर्तुगीज जेझुइट फोन्सेका यांचा तर्कशास्त्रावरील १५६४ चा लॅटिन ग्रंथ पोर्तुगीज विद्यापरंपरेत सर्वत्र प्रतिष्ठित होता. पोर्तुगालच्या राजसत्तेने १७५९ मध्ये जेझुइटांना हद्दपार केले आणि ही परंपरा खंडित झाली. आजच्या अभ्यासक्रमाचा उगम मात्र वेगळा आहे: पोर्तुगीज राजवटीतून गोवा मुक्त झाल्यानंतर, १९६२ पासून येथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाली, आणि १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ सुरू होईपर्यंत तोच संबंध टिकला.

त्याच विद्यार्थ्याला भारतीय तत्त्वज्ञानाच्या अभ्यासात न्यायदर्शनाचे पंचावयवी अनुमान भेटते: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. हे अनुमान चिन्हांत मांडताना स्वयंपाकघराचा उल्लेख सहसा गळतो, कारण आकारिक वैधतेला, म्हणजे केवळ युक्तिवादाच्या आकारावरून ठरणाऱ्या वैधतेला, त्याची गरज नसते. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांना, मात्र ती होती: व्याप्ती (‘जेथे धूर तेथे अग्नी’ असा नियत संबंध) प्रत्यक्षात कोठे आढळली आहे, हे वादी-प्रतिवादी दोघांनाही मान्य असलेल्या दृष्टांताने दाखवल्याशिवाय अनुमानातून ज्ञान झाले, असे ते मानत नसत. युक्तिवादाचा आकार आणि विधानांची सत्यता यांची फारकत त्यांनी केली नाही. ती फारकत गृहीत धरणाऱ्या कोष्टकात त्यांचे अनुमान बसवताना काय गळते, याची नोंद विद्यार्थ्याने वहीत उदाहरणाशेजारीच करून ठेवावी.