आभासी रुग्ण म्हणजे व्हिडिओ गेम नव्हे

‘ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, खऱ्या कानावरच शिकावी, कॉम्प्युटरवरचा आभासी रुग्ण म्हणजे नुसता व्हिडिओ गेम’ हे आमच्या क्षेत्रात वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते चुकीचं आहे.

खऱ्या रुग्णाला नेमकं किती डेसिबलपासून ऐकू येतं, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. त्यामुळे शिकाऊ हाताची चूक झाकली जाते. सिम्युलेटरकडे, म्हणजे आभासी रुग्ण चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, उत्तर तयार असतं. प्रतिसाद आला की आवाज 10 डेसिबल खाली, नाही आला की 5 वर, ही शिस्त मोडून काढलेला आकडा तिथे लगेच उघडा पडतो.

मास्किंगचंच घ्या, म्हणजे एका कानाची चाचणी घेताना दुसऱ्या कानाला खरखरीत गुंतवून ठेवणं. डावा कान ठार बहिरा असला, तरी त्यामागे हाडावर व्हायब्रेटर लावला की सूर कवटीतून उजव्या कानात पोचतो. रुग्ण इमानेइतबारे बटण दाबतो आणि आलेखावर बहिरा कान चांगला दिसतो! उजव्या कानात पुरेशी खरखर सोडली, तरच खरं चित्र कळतं. हीच केस आभासी रुग्णावर वीसदा करता येते, कुणा आजोबांना बंद खोलीत ताटकळत न ठेवता.

घाबरलेल्या मुलाला खेळवत चाचणी घेणं मात्र माणसांतच, अनुभवी ऑडिओलॉजिस्टच्या देखरेखीखाली शिकावं लागतं.