बोर्ग आणि सायबरमेन: एकाची जन्मकथाच नाही, दुसऱ्याच्या जास्तच आहेत

अर्धा माणूस, अर्धं यंत्र. भावना नाहीत, विनवणीचा उपयोग नाही, आणि हरलात तर तुम्हीही त्यांच्यातलेच होणार. एवढं वर्णन ऐकून कुणी ‘स्टार ट्रेक’मधले बोर्ग म्हणेल, कुणी ‘डॉक्टर हू’मधले सायबरमेन. सायबरमेन बीबीसीवर ऑक्टोबर १९६६ मध्ये आले, बोर्ग अमेरिकन टीव्हीवर मे १९८९ मध्ये. त्यामुळे ‘बोर्ग म्हणजे सायबरमेनचेच वंशज’ हा तर्क चाहत्यांमध्ये वारंवार डोकं वर काढतो. माझ्या मते तो टिकत नाही, पण का टिकत नाही हे समजून घेताना दोघांची खरी ओळख पटते.

सायबरमेनच्या मुळाशी एक वैद्यकीय भीती आहे. त्यांच्या दोन निर्मात्यांपैकी किट पेडलर हे स्वतः वैद्यकीय संशोधक होते. शरीराचे भाग बदलत गेलो तर माणूस कुठे संपतो, हा प्रश्न त्यांना छळत होता; आणि जगातली पहिली मानवी हृदयरोपण शस्त्रक्रिया व्हायला तेव्हा अजून वर्षभराचा अवकाश होता. ‘द टेन्थ प्लॅनेट’ या पहिल्या कथेतले सायबरमेन आजही अंगावर काटा आणतात. चेहऱ्यावर कापड ताणलेलं, हात मात्र उघडे, माणसाचे. ते येतात मोंडास या पृथ्वीच्या जुळ्या ग्रहावरून. तिथली माणसं दुबळी होत चालली होती, म्हणून त्यांनी जगण्यासाठी एकेक अवयव बदलला आणि शेवटी भावनाही काढून टाकल्या. कुणी त्यांच्यावर हल्ला केला नव्हता. हे त्यांनी स्वतः स्वतःचं केलं.

म्हणजे सायबरमेनची जन्मकथा पहिल्याच दिवशी सांगून झाली होती. पंचाईत पुढे झाली. २००६ मध्ये मालिकेने समांतर पृथ्वीवरचे वेगळे सायबरमेन आणले. ते जॉन लुमिक नावाच्या उद्योगपतीच्या कारखान्यात तयार झालेले. त्याच्या कितीतरी आधी, १९८७ च्या एका चित्रकथेत तिसरंच मूळ मांडलं होतं: १९६४ च्या एका कथेतले, मरिनस ग्रहावरचे वूर्ड नावाचे जीव बदलत बदलत सायबरमेन झाले. मग खरं कुठलं? इथे चाहत्यांचं काम जुळवाजुळवीचं आहे. त्यांचा सर्वांत भक्कम तर्क असा, की सायबरमेन हा एक वंश नाहीच. जिथे माणसं आणि मरणाची भीती आहे, तिथे ते आपोआप घडतात. २०१७ मध्ये खुद्द मालिकेने हाच तर्क उचलला. मालिकेचा नायक डॉक्टर, त्याच्या बाराव्या अवताराच्या तोंडी वाक्य आलं, की जिथे माणसं असतात तिथे सायबरमेन होतातच. आणि त्याने दिलेल्या यादीत मोंडास आणि पृथ्वीबरोबर मरिनसही होतं. तीस वर्षांपूर्वीची चित्रकथा एका शब्दाने पडद्यावर आली. जुनं काहीही खोटं न ठरवता सगळं सामावून घेणारा इतका देखणा उलगडा मला दुसरा आठवत नाही.

बोर्गांचं नेमकं उलटं आहे. त्यांचं मूळ पडद्यावर कधी सांगितलेलंच नाही. लेखक मॉरिस हर्ली यांना आधी कीटकांसारखी जमात हवी होती. खर्च परवडेना म्हणून यंत्रमानव आले. ‘स्टार ट्रेक’मधलं एक पात्र, गाइनन, म्हणते, ते हजारो शतकं घडत आले आहेत. पण ‘व्हॉयेजर’ या ‘स्टार ट्रेक’च्याच मालिकेच्या १९९९ मधल्या एका भागात कळतं, की नऊशे वर्षांपूर्वी त्यांच्या ताब्यात मोजक्याच ग्रहमाला होत्या. मधल्या काळात काय झालं, याची रिकामी जागा चाहते भरत बसले आहेत.

त्यातला सर्वांत लाडका तर्क व्हीजरचा. १९७९ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात पृथ्वीचं ‘व्हॉयेजर ६’ हे यान कृष्णविवरात पडतं, यंत्रांच्या ग्रहावर पोचतं आणि अफाट शक्ती घेऊन ‘व्हीजर’ म्हणून परत येतं. तो ग्रह बोर्गांचा, किंवा व्हीजरनेच बोर्ग जन्माला घातले, असं म्हणतात. बोर्ग त्या यानाहून कितीतरी जुने आहेत, ही कालगणनेची अडचण कृष्णविवराच्या नावावर ढकलता येते. स्वभावाची अडचण मात्र ढकलता येत नाही. व्हीजरला हाडामांसाची माणसं म्हणजे यानाला लागलेली कीड वाटते; तो त्यांना जीवच मानत नाही. बोर्गांना तर जीव हवेच असतात. तुमचं वेगळेपण आम्ही आमच्यात मिसळू, ही त्यांची प्रतिज्ञा आहे.

सायबरमेनशी नातं जोडणारा तर्कही याच प्रतिज्ञेवर आपटतो. सायबरमेन वेगळेपण छाटतात, सगळ्यांना एका साच्यात बसवतात. बोर्ग ते गोळा करतात. शिवाय सायबरमेनमधला प्रत्येक जण निदान सुरुवातीला स्वतंत्र होता, पहिल्या कथेत तर त्यांना क्रेल, क्रँग अशी नावंही आहेत. बोर्गांचं मन एकच, सगळ्यांचं मिळून. पुढे २०१३ मध्ये सायबरमेनही सामुदायिक मनाकडे झुकले, तेव्हा गोंधळ आणखी वाढला. त्याच्या आदल्याच वर्षी एका अधिकृत चित्रकथेने दोघांना समोरासमोर आणलं होतं, आणि तिथेही ते दोन वेगळ्या जमाती म्हणूनच भेटले.

बोर्गांबद्दल मला पटणारा धागा १९८९ च्या त्या पहिल्याच भागात आहे आणि त्याकडे फार थोडे लोक बघतात. ‘स्टार ट्रेक’मधला अधिकारी रायकर बोर्गांच्या यानात शिरतो तेव्हा त्याला तिथे एक बाळ दिसतं. त्याचा अंदाज असा, की बोर्ग सजीव म्हणूनच जन्मतात आणि जन्मल्याबरोबर त्यांच्यात यंत्रं बसवली जातात. तेव्हा त्यांना माणसांत रसही नव्हता, फक्त तंत्रज्ञान हवं होतं. लोकांना पकडून आपल्यात ओढणं ही ठळक ओळख नंतर आली. हे बाळ खरं धरलं, तर बोर्गांच्या आरंभी कुणी परका निर्माता लागत नाही. कुठल्यातरी ग्रहावरच्या आईबापांनी आपल्याच मुलांच्या शरीरात पहिलं यंत्र बसवलं असणार, आणि तेही बहुधा मुलांच्या भल्यासाठीच.