अधिवृक्क ग्रंथीतील अवचित गाठ व दाहसूचके

मुतखडा किंवा पोटदुखीसाठी सीटी स्कॅन काढावा आणि मूत्रपिंडाच्या डोक्यावरील अधिवृक्क ग्रंथीत ध्यानीमनी नसलेली गाठ दिसावी, असे वयस्क रुग्णांत बऱ्याचदा घडते. अशा १ सेंमी किंवा त्याहून मोठ्या गाठीला इन्सिडेंटलोमा म्हणतात. बहुतेक गाठी साध्या ॲडिनोमाच्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या, असतात. काही मात्र वरून लक्षण न दाखवता कॉर्टिसॉल हे संप्रेरक जादा पाझरत राहतात.

अशा रुग्णांत तपासले जाणारे सर्वांत स्वस्त दाहसूचक (शरीरातला दाह दाखवणारा आकडा) म्हणजे न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर. तालुक्याच्या लॅबमधील सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) कागदावरूनच ते निघते: न्यूट्रोफिल ७२ टक्के, लिम्फोसाइट १८, तर गुणोत्तर ४. निरोगी प्रौढात ते साधारण १ ते ३ असते. गंमत अशी, की कॉर्टिसॉल हे मुळात दाह शमवणारे संप्रेरक, तरी त्याने हा आकडा चढतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेले न्यूट्रोफिल ते प्रवाहात सोडते, लिम्फोसाइट रक्तातून कमी करते. म्हणजे चढलेला आकडा दरवेळी दाहाचाच असेल असे नाही. दुसरे दाहसूचक सीआरपी हे प्रथिन, ते यकृतात तयार होते. लठ्ठपणा, मधुमेह यांनीही ते वाढते.

विदर्भाच्या खेड्यांत या आकड्यांवर हक्क सांगणारे बरेच. पूर्वेकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्यात वेदनेचा झटका नसतानाही पांढऱ्या पेशी वाढलेल्या असू शकतात. गडचिरोलीत मलेरिया, पावसाळ्याच्या सुमारास स्क्रब टायफस हा तापाचा आजार, आणि क्षयरोग तर सगळीकडेच. क्षय खुद्द अधिवृक्क ग्रंथीतही शिरतो. तेव्हा बहुधा दोन्ही बाजू सुजतात आणि कॉर्टिसॉल उलट घटू शकते. सर्वांत फसवी मात्र पुडीतली बिननावाची गोळी. धानाची रोवणी, कापसाची वेचणी करून कंबर धरली की ती घेतली जाते. तिच्यात स्टेरॉइड असेल तर न्यूट्रोफिल चढतात आणि ग्रंथीही मंदावते. म्हणून आकडेमोडीआधी गोळ्यांची चौकशी हवी.

गाठीचा निकाल या गुणोत्तरावर लागत नाही. साध्या सीटीत एकसारखी दिसणारी, १० हाउन्सफील्ड (सीटीतील घनतेचे एकक) किंवा त्याहून कमी घनतेची गाठ निरुपद्रवी धरतात. घनता जास्त असेल तर मेटानेफ्रिन (ॲड्रेनलिनसारख्या संप्रेरकांचे अवशेष), उच्च रक्तदाब असेल तर रक्तदाबाशी निगडित अल्डोस्टेरॉन व रेनिनही पाहतात. कॉर्टिसॉलसाठी रात्री ११ च्या सुमारास १ मिग्रॅ डेक्सामेथासोन हे एरवी कॉर्टिसॉल दाबणारे स्टेरॉइड देऊन सकाळी ८-९ वाजता रक्त घेतात; कॉर्टिसॉलची पातळी डेसिलिटरला १.८ मायक्रोग्रॅमहून अधिक राहिली तर गाठ स्वतःच्या मर्जीने कॉर्टिसॉल सोडत असल्याचा संशय बळावतो. आडगावच्या रुग्णाला त्यासाठी आदल्या दिवशीच्या एसटीने शहर गाठावे लागते.