सर्वांत जुन्या भूकवचाचा शोध : पार्श्वभूमी

पृथ्वीचे वय आणि तिच्यावरील सर्वांत जुन्या खडकाचे वय हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये पृथ्वीचे वय सुमारे ४.५५ अब्ज वर्षे ठरवले, ते मुख्यतः अशनींमधील शिशाच्या आधारे. कारण आरंभीचे भूकवच वितळून, गाडले जाऊन आणि झिजून जवळजवळ नाहीसे झाले आहे. जे उरले, ते रूपांतरित खडकांच्या स्वरूपात.

त्यांचा माग काढताना यंत्राआधी पायपीट उपयोगी पडली, हे सहसा सांगितले जात नाही. १९६०च्या दशकात न्यूझीलंडचे भूशास्त्रज्ञ व्हिक मॅकग्रेगर पश्चिम ग्रीनलंडमध्ये, आजच्या नूक शहराच्या परिसरात, भूशास्त्रीय नकाशे तयार करीत होते. तेथील पट्टिताश्म, म्हणजे प्रचंड दाब व उष्णता सोसून पट्टेदार झालेले मूळचे ग्रॅनाइटसदृश खडक, वरवर सारखेच दिसतात. मात्र त्यांतील काहींना काळ्या डाइकांनी (भेगांत शिरलेला शिलारस थिजून बनलेले पट्टे; आपल्याकडे धुळे-नंदुरबारच्या माळांवर भिंतीसारखे उभे दिसतात, तेच) छेदले होते, तर काही डाइकांनंतर तयार झाले होते. छेदला गेलेला खडक छेदणाऱ्याहून जुना असणार, या साध्या न्यायाने मॅकग्रेगर यांनी दोन पिढ्या वेगळ्या केल्या. पुढे १९७०च्या दशकाच्या आरंभी ऑक्सफर्डच्या स्टीफन मूरबाथ आणि सहकाऱ्यांनी जुन्या पिढीचे नमुने तपासले, तेव्हा त्यांचे वय साडेतीन अब्ज वर्षांहून बरेच अधिक निघाले.

त्यानंतर भर झिरकॉनवर आला. हे टणक खनिज स्फटिक बनताना युरेनियम सामावून घेते, शिसे मात्र जवळपास घेत नाही. त्यामुळे आत सापडणारे शिसे बहुतांशी युरेनियमच्या नंतरच्या किरणोत्सर्गी क्षयातून बनलेले असते, आणि त्याच्या प्रमाणावरून वय काढता येते. या पद्धतीने कॅनडातील अकास्टा पट्टिताश्माचे वय ४.०३ अब्ज वर्षांपर्यंत गेले. ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्समध्ये तर ४.४ अब्ज वर्षांचे झिरकॉन मिळाले. पण ते पुष्कळ नंतरच्या वाळूच्या खडकात वाहून आलेले कण होते. मूळ खडक हरवलेला आहे.

वाद उरला तो कॅनडातच, हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावरील नुव्वुआगिट्टुक पट्ट्याविषयी. २००८ मध्ये तेथील बेसाल्टी खडकांसाठी ४.२८ अब्ज वर्षांचा दावा झाला. मात्र अशा खडकांत झिरकॉन क्वचितच आढळतो. म्हणून हिशोब समॅरियमच्या किरणोत्सर्गी क्षयातून बनणाऱ्या निओडिमियमवर बेतलेला होता आणि तो अनेकांना पटला नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्या बेसाल्टी खडकांत घुसलेल्या अग्निज (शिलारस थिजून बनलेल्या) खडकांचे वय सुमारे ४.१६ अब्ज वर्षे दिले, म्हणजे ज्यांत ते घुसले ते किमान तितके जुने ठरतात.