सात गुणांचं पत्र, आणि मागून येणारं कौन्सिल टॅक्सचं बिल

ब्रिटनमध्ये अपंगत्वाचा भत्ता घेणाऱ्या घरांत तपकिरी पाकिटाची धास्ती असते. डीडब्ल्यूपी, म्हणजे केंद्र सरकारचं श्रम आणि पेन्शन खातं, आपले निर्णय अशाच पाकिटातून कळवतं. समजा, पत्रात लिहिलंय की रोजच्या जगण्याच्या चाचणीत तुम्हाला सात गुण मिळाले. भत्त्याला आठ लागतात. भत्ता बंद. हा धक्का परिचयाचा आहे, वर्तमानपत्रांत त्यावर भरपूर येतं. काही आठवड्यांनी दुसरं पाकीट येतं, त्याची बातमी होत नाही. ते स्थानिक कौन्सिलचं असतं आणि आत कौन्सिल टॅक्सचं सुधारित बिल असतं. घर तेच, माणसं तीच, आजारही तोच. आकडा तेवढा वाढलेला.

लंडनमधल्या एका खात्याच्या निर्णयानं गावातल्या करात फरक का पडावा? उत्तरासाठी बरंच मागे जावं लागतं.

कौन्सिल टॅक्सला आपण सोयीपुरतं घरपट्टी म्हणू, पण साम्य अर्धंच आहे. आपल्याकडे घरपट्टीचं बिल सहसा मालकाच्या नावानं निघतं. तिथे ते बहुतेक वेळा घरात राहणाऱ्याच्या नावानं निघतं, मग तो भाडेकरू का असेना. शिवाय हा कर पुरता घरावरही नाही. घरात दोन प्रौढ आहेत असं धरून बिल काढलं जातं आणि एकच असेल तर २५ टक्के सूट मिळते. म्हणजे कोण ‘मोजला’ जातो आणि कोण नाही, यावर रक्कम ठरते. दिव्यांगांच्या बाबतीत बराचसा गुंता इथूनच सुरू होतो.

आधी ‘रेट्स’ होते, शुद्ध घरपट्टी. गरिबांना त्यात रिबेट १९६० च्या दशकात मिळू लागला. १९७८ च्या कायद्यानं दिव्यांगांसाठी घरात केलेल्या सोयींवर वेगळी सवलत दिली. व्हीलचेअरसाठी खोली वाढवली म्हणून घराचं मूल्यांकन वाढून कर चढू नये, हा हेतू. मग थॅचर सरकारनं एप्रिल १९८८ पासून नियम आणला की कितीही गरीब असलात तरी रेट्सचा निदान २० टक्के भाग खिशातूनच भरायचा. कर भरणारा मतदार कौन्सिलच्या खर्चावर नजर ठेवेल, असा त्यामागचा युक्तिवाद होता. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये आणि १९९० साली इंग्लंड-वेल्समध्ये पोल टॅक्स, म्हणजे घरावर नव्हे तर दर प्रौढ माणसामागे लावलेला कर, आला, तेव्हा हे २० टक्के तसेच पुढे चालू राहिले. ३१ मार्च १९९० ची या कराविरुद्धची ट्रॅफल्गर स्क्वेअरची दंगल आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये थॅचरबाईंचं पंतप्रधानपद जाणं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कौन्सिलांच्या बाजूचा अनुभव तितकाच बोलका होता: अगदी गरीब माणसाकडून थोडीथोडकी रक्कम वसूल करायला जो खर्च येतो, तो पुष्कळदा वसुलीपेक्षा जास्त असतो.

हा धडा घेऊनच १ एप्रिल १९९३ ला कौन्सिल टॅक्स सुरू झाला. घरांचे ए ते एच असे पट्टे पाडले गेले, तेही १ एप्रिल १९९१ च्या बाजारभावानं. (इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये आजही तोच भाव धरतात. २००० नंतर बांधलेल्या फ्लॅटची किंमत १९९१ साली काय असती, याचा अंदाज करणारे सरकारी अधिकारी तिथे अजून पगार घेतात.) सोबतीला कौन्सिल टॅक्स बेनिफिट आला. तो देशभर एकच नियम लावून, केंद्राच्या पैशानं, गरज पडली तर बिलाच्या शंभर टक्क्यांपर्यंत मिळायचा. २० टक्क्यांची सक्ती गेली.

या बेनिफिटचं गणित समजून घ्यायला हवं. सरकार आधी माणसाची ‘गरज’ एका आकड्यात ठरवायचं. उत्पन्न त्या आकड्याच्या आत असेल तर बिल माफ. वर असेल तर वरच्या दर पौंडामागे २० पेन्स सवलत कमी. दिव्यांग व्यक्तीच्या गरजेच्या आकड्यात ‘प्रीमियम’ मिळवले जायचे, म्हणजे ती रेषाच वर सरकायची. आणि प्रीमियमला पात्र कोण? बहुतांशी डीएलए घेणारा. १९९२ साली सुरू झालेला हा अपंगत्व भत्ता स्वतः उत्पन्न म्हणून मोजला जात नसे; उलट बाकी सवलतींची दारं त्यानं उघडत. किल्ली म्हणावी तसा. डॉक्टरनं कौन्सिलसाठी वेगळं तपासायचं नाही, कौन्सिलनं अपंगत्वाचा निवाडा करायचा नाही, डीडब्ल्यूपीचं पत्र बघायचं आणि पुढे जायचं. कारकुनाला सोपं, अर्जदारालाही सोपं. किल्ली काढून घेतली तर काय, हा प्रश्न त्या काळी फारसा कुणाला पडला नाही.

ऑक्टोबर २०१० मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑसबोर्न यांनी खर्चकपातीचा आराखडा मांडला. त्यात कौन्सिल टॅक्स बेनिफिट रद्द करून ते काम कौन्सिलांकडे सोपवायचं आणि पैसा मात्र दहा टक्के कमी द्यायचा, असं ठरलं. स्थानिक स्वायत्तता म्हणून ते सादर झालं. मला हा त्या आराखड्यातला सगळ्यात चतुर तुकडा वाटतो, कारण कपात केंद्रानं केली आणि शिव्या खाण्याचं काम ३२६ कौन्सिलांवर आलं. एप्रिल २०१३ पासून इंग्लंडमध्ये प्रत्येक कौन्सिलची आपापली योजना सुरू झाली. पेन्शनरांची सवलत मात्र राष्ट्रीय नियमांनी जशीच्या तशी राखली गेली. त्यामुळे कपातीचा सगळा भार कामाच्या वयातल्यांवर पडला, आणि ज्या गावात म्हातारी माणसं जास्त तिथे उरलेल्यांवर तो आणखी जड झाला. कामाच्या वयातल्या दिव्यांगांसाठी तसं कवच कायद्यात नव्हतं. कौन्सिलांनी समानता कायद्याचं भान ठेवावं, इतकंच. स्कॉटलंड आणि वेल्सनं आपल्या पदरचे पैसे घालून जुनी पद्धत टिकवली.

इंग्लंडमध्ये बऱ्याच कौन्सिलांनी ‘किमान भरणा’ लावला, काहींनी थेट २० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पोल टॅक्सच्या वेळी हात पोळलेली तरतूद वीस वर्षांनी मागच्या दारानं परत आली. काही ठिकाणी दिव्यांगांना ‘संरक्षित गट’ म्हणून त्यातून वगळलं, काही ठिकाणी नाही. जिथे वगळलं तिथेही गटात कोण मोडतं हे ठरवायला पुन्हा डीडब्ल्यूपीचंच पत्र. लंडनच्या हॅरिंगे कौन्सिलनं लोकांचं मत मागवताना केंद्राची कपात दावेदारांच्या माथी मारण्यावाचून इलाज नाही असं भासवलं. कर थोडा वाढवणं किंवा गंगाजळीतून भरपाई करणं असे पर्याय होते, ते सांगितलेच नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१४ मध्ये ती सल्लामसलत बेकायदेशीर ठरवली. योजना तोवर दीड वर्ष चालू होती.

आणि नेमक्या त्याच महिन्यात, एप्रिल २०१३ मध्ये, किल्ली बदलायला सुरुवात झाली. कामाच्या वयातल्यांसाठी डीएलए जाऊन ‘पिप’ हा गुणांच्या चाचणीवर मिळणारा नवा अपंगत्व भत्ता येऊ लागला. डीएलएच्या देखभाल भागाला तीन दर होते, पिपच्या रोजच्या जगण्याच्या भागाला दोनच: आठ गुणांना साधा, बारा गुणांना वाढीव. खालच्या पायरीवरच्या कित्येकांना नव्या जिन्यात पायरीच उरली नाही.

डीएलए घेणारी, अर्धवेळ नोकरी करणारी एक बाई डोळ्यांपुढे आणा. २०१३-१४ साली एकट्या व्यक्तीचा अपंगत्व प्रीमियम आठवड्याला ३१ पौंड होता. भत्ता गेला की प्रीमियम गेला, गरजेची रेषा ३१ पौंडांनी खाली आली आणि पौंडामागे २० पेन्सच्या जुन्या हिशेबानं सवलत आठवड्याला ६ पौंड २० पेन्सनी घटली. वर्षाचे सव्वातीनशे पौंड. आधी भत्ता बुडाला, त्यावर हे.

यात दिनदर्शिकेची खोच आहे. कौन्सिल टॅक्स साधारणतः एप्रिल ते जानेवारी अशा दहा हप्त्यांत भरतात, फेब्रुवारी-मार्च मोकळे. डीडब्ल्यूपीचा निर्णय ऑगस्टचा आणि कौन्सिलचं सुधारित बिल ऑक्टोबर अखेरचं असेल, तर ऑगस्ट ते मार्चची तूट, दोनशे दहा पौंडांच्या घरातली, उरलेल्या तीन हप्त्यांत वाटली जाते. दर हप्ता ७० पौंडांनी फुगतो, तोही नाताळच्या तोंडावर. हप्ते थकले तर आधी स्मरणपत्र, मग वर्षाची सगळी रक्कम एकदम मागण्याचा हक्क, मग मॅजिस्ट्रेटच्या कोर्टाचा आदेश, मग वसुली एजंट. २०१४ च्या नियमांनी एजंटची फी ठरवून दिली: प्रकरण हाती घेतल्याचे ७५ पौंड, दारात आल्याचे आणखी २३५.

आता ‘मोजणी’ची बाजू. पोल टॅक्सपासून चालत आलेला एक नियम आहे: बुद्धी आणि सामाजिक वावर कायमचा, गंभीरपणे बाधित झालेल्या व्यक्तीला बिलात मोजायचं नाही. डिमेन्शिया, मेंदूची इजा, तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेले लोक यात येऊ शकतात. ती व्यक्ती एकटी राहत असेल तर बिल पूर्ण माफ. सोबत एक प्रौढ असेल तर २५ टक्के सूट. याला उत्पन्नाची अट नाही. पण अटी दोन आहेत, डॉक्टरचा दाखला आणि ठरावीक भत्त्यांपैकी एखाद्याची पात्रता. डीएलएचा मधला किंवा वरचा देखभाल दर त्या यादीत आहे, पिपचा रोजच्या जगण्याचा भागही आहे. मधल्या दरावरचा माणूस पिपच्या चाचणीत सातवर अडला आणि यादीतला दुसरा भत्ता हाती नसला, तर सूट गेली. डॉक्टरचा ‘कायमचं’ असं लिहिलेला दाखला फायलीत तसाच असतो. आठवड्याला ३५ तास सेवा करणाऱ्या, पण आजारी माणसाचा जोडीदार नसलेल्या नातेवाइकालाही मोजणीतून वगळतात. त्याची पात्रतासुद्धा आजारी माणसाच्या भत्त्यावरच टांगलेली. एका पत्रानं घरातली दोन माणसं पुन्हा मोजली जाऊ शकतात.

अपील करता येतं, आणि ट्रायब्युनलपर्यंत पोचलेल्या पिपच्या दाव्यांत निम्म्याहून कितीतरी जास्त अर्जदारांच्या बाजूनं लागतात. मधल्या महिन्यांत कौन्सिलचे हप्ते थांबत नाहीत. २०१३ पूर्वी बेनिफिट आणि कराची सवलत या दोन्हींची दाद एकाच सामाजिक सुरक्षा ट्रायब्युनलकडे लागायची. आता पिपचा वाद तिथे आणि कराच्या सवलतीचा वाद व्हॅल्युएशन ट्रायब्युनलकडे. एकाच आजारासाठी दोन फायली, दोन तारखा.

युनिव्हर्सल क्रेडिट या नव्या एकत्रित भत्त्यानं गुंता वाढवला. सहा जुने भत्ते त्यात विरघळले, पण कौन्सिल टॅक्सची सवलत बाहेर राहिली. एकटं राहणाऱ्या तीव्र दिव्यांगांना मिळणारा, २०१३-१४ साली आठवड्याला ५९ पौंड ५० पेन्सचा प्रीमियम नव्या व्यवस्थेत ठेवलाच नाही. कोर्टात हरल्यावर सरकारला जानेवारी २०१९ ते जानेवारी २०२१ अशा लोकांना युनिव्हर्सल क्रेडिटवर हलवणं रोखून धरावं लागलं. शिवाय युनिव्हर्सल क्रेडिट दर महिन्याला बदलतं, आणि प्रत्येक बदलागणिक नवं बिल निघू शकतं. त्यावर उतारा म्हणून अनेक कौन्सिलांनी उत्पन्नाचे टप्पे ठरवले. टप्प्याच्या आत हललात तर बिल तसंच. रेषा एका पौंडानं ओलांडलीत तर सवलत धाडकन खालच्या पायरीवर. आजारपणासाठी मिळणारी जादा रक्कम उत्पन्न म्हणून धरायची की नाही, हे ज्या त्या योजनेवर. नदीच्या एका काठावर एक उत्तर, दुसऱ्या काठावर दुसरं.

तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एक पोटनोंद. व्हिसावर ‘सार्वजनिक निधीचा हक्क नाही’ असा शिक्का असेल तर पिप, युनिव्हर्सल क्रेडिट आणि उत्पन्नावर आधारलेली कौन्सिल टॅक्सची सवलत, तिन्ही त्या निधीत मोडतात. एकट्या राहणाऱ्याची २५ टक्के सूट मोडत नाही. दोन्हींना बोली भाषेत ‘कौन्सिल टॅक्सची सूट’च म्हणतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

मार्च २०२५ मध्ये लेबर सरकारनं पिपची अट आणखी कडक करण्याचा प्रस्ताव आणला: नुसते आठ गुण पुरणार नाहीत, एका तरी कामात चार हवेत. स्वपक्षाच्याच खासदारांनी बंड केल्यावर १ जुलैला, मतदानाच्या दिवशीच, तो भाग मागे घेऊन फेरविचारासाठी ठेवला गेला. युनिव्हर्सल क्रेडिटमधली आजारपणाची रक्कम मात्र एप्रिल २०२६ पासून बहुतेक नव्या दावेदारांसाठी आठवड्याला ९७ पौंडांवरून सुमारे ५० वर आणण्याचं कायद्यात गेलं. त्या वादात कौन्सिल टॅक्सचं नाव क्वचितच निघालं. प्रत्येक कौन्सिलला पुढच्या वर्षाची योजना ११ मार्चपर्यंत ठरवावी लागते. केंद्रानं भत्त्याचं नाव किंवा अट बदलली की त्या प्रत्येक दस्तऐवजातली किल्लीची व्याख्या तपासून पाहावी लागते. स्कॉटलंडनं २०२२ साली पिपच्या जागी स्वतःचा भत्ता आणला, तेव्हा तो या याद्यांत घालावाच लागला होता.

एक सवलत मात्र या सगळ्यातून अलिप्त राहिली आहे. १९७८ च्या कायद्याच्या वंशातली ती, घराचा पट्टा एकानं खाली आणणारी. दिव्यांग व्यक्तीसाठी जादा न्हाणीघर किंवा स्वयंपाकघर, तिच्या गरजेसाठी मुख्यतः वापरली जाणारी खोली, किंवा घरात व्हीलचेअर फिरवायला लागणारी जागा, एवढंच ती विचारते. भत्ता विचारत नाही, उत्पन्न विचारत नाही. सर्वात खालच्या ए पट्ट्यातल्यांना आणखी खाली पट्टाच नाही म्हणून सुरुवातीची काही वर्षं तिचा लाभ मिळत नव्हता. २००० साली ती चूक सुधारली. २०२२ मध्ये वीजबिलं भडकली तेव्हा सरकारनं ए ते डी पट्ट्यांतल्या घरांना १५० पौंड दिले. ई पट्ट्यातली जी घरं या सवलतीमुळे डी चा दर भरत होती, त्यांनाही ते मिळाले, पिपच्या चाचणीत किती गुण पडले हे न विचारता.