नव्या वाड्याभोवतीची गुदमरलेली माती

मोकळ्या जागेवर ऐसपैस वाडा बांधून झाला की बागेचा बेत बहुतेक ठरलेलाच असतो. राडारोडा उचलायचा, जमीन सपाट करायची, वर वीतभर चांगली माती पसरायची. मग समोर हिरवळ, कडेला मोठी झाडे आणि मधल्या चौकात एखादा डेरेदार वृक्ष. पहिले वर्ष झकास जाते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हिरवळीवर पिवळे डाग पडतात, पावसानंतर पाणी तुंबते आणि हौसेने आणलेली झाडे शेंड्याकडून वाळू लागतात. मग दोष कधी रोपवाटिकेला, कधी माळ्याला, कधी खताला. कुणी म्हणते, झाडाला नजर लागली. नजर लागून झाड वाळत नाही. अशा जागी झाडे वाळतात ती बहुतेक वेळा मुळांना हवा मिळत नाही म्हणून, आणि मुळांची ही हवा बांधकाम चालू असतानाच तोडली गेलेली असते.

माती म्हणजे खडकाचा भुगा, कुजलेले पालापाचोळे, पाणी आणि हवा, हे आपण शाळेत शिकतो. लक्षात मात्र पहिल्या तीनच गोष्टी राहतात. चांगल्या बागेच्या मातीत साधारण निम्मी जागा पोकळ्यांची असते. हिशेब अगदी सोपा आहे. मातीतल्या खनिज कणांची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे 2.65 ग्रॅम असते. भुसभुशीत मातीचा एक घन सेंटिमीटर, आतल्या पोकळ्यांसकट, वाळवून तोलला तर 1.25 ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे 53 टक्के जागा रिकामी. ट्रक, खोदयंत्रे, विटांचे ढीग आणि काँक्रीटच्या गाड्या यांच्याखाली हेच वजन 1.7 ग्रॅमपर्यंत चढू शकते. तेव्हा पोकळ्या उरतात 36 टक्के.

जमीन किंचित ओली असताना हे नुकसान सर्वांत जास्त होते. राल्फ प्रॉक्टर या अमेरिकी अभियंत्याने धरणांच्या भरावाचा अभ्यास करून 1933 मध्ये दाखवून दिले, की प्रत्येक मातीसाठी ओलाव्याचे एक नेमके प्रमाण असते आणि त्या प्रमाणात ती सर्वांत घट्ट दबते. पाणी कणांना एकमेकांवरून घसरायला मदत करते, म्हणून कोरडी माती तेवढी दबत नाही. फार ओली माती दबत नाही, कारण पोकळ्यांत पाणी भरलेले असते आणि पाणी दाबले जात नाही. प्रॉक्टरची कसोटी आजही रस्ते आणि पाया बांधणाऱ्यांच्या रोजच्या वापरात आहे. या कसोटीत मातीची जी सर्वांत जास्त घनता मिळते, तिच्या 95 टक्क्यांपर्यंत जोत्याखालचा भराव दाबायचा, ही त्यांची नेहमीची अट. पायासाठी ती योग्यच आहे. अडचण अशी, की यंत्रे जोत्याच्या रेषेत थांबत नाहीत. ती जिथे बाग व्हायची तिथूनही फिरतात, आणि माती दबण्याचे बरेचसे काम पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच उरकते.

53 चे 36 झाले, यात काय मोठेसे बिघडले? सगळे बिघडले. दाबाखाली आधी कोसळतात त्या मोठ्या पोकळ्या. गांडुळांनी पाडलेली बिळे, जुन्या मुळांच्या वाटा, मातीच्या ढेकळ्यांमधल्या फटी या सगळ्या जातात आणि बारीक छिद्रे तशीच राहतात.

रक्त बारीक वाहिन्यांतून कसे वाहते याचा शोध घेताना ज्याँ पॉइझय या फ्रेंच शास्त्रज्ञाला 1840 च्या सुमारास एक विलक्षण नियम सापडला. नळीतून वाहणारा द्रव नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी केली की प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. समजा, मातीत एक मिलिमीटर व्यासाची एक वाट होती. ती मोडून तिच्या जागी 0.1 मिलिमीटर व्यासाच्या शंभर वाटा झाल्या. पोकळीचे एकूण क्षेत्रफळ तेवढेच राहिले. तरी प्रत्येक बारीक वाटेतून दहा हजारावा हिस्सा पाणी जाणार आणि शंभरांचे मिळून एक टक्का. फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत, बांधकामाच्या यंत्रांखाली दबलेल्या वालुकामय जमिनीत पाणी मुरण्याचा वेग 70 ते 99 टक्क्यांनी घटलेला आढळला. चौथा घात डोळ्यांसमोर असेल तर या आकड्याचे नवल वाटत नाही.

आता दुसरा नियम, आणि मला सर्वांत आवडणारा. बारीक नळीत पाणी आपोआप वर चढते, हे आपण केशाकर्षणाच्या धड्यात पाहिलेले असते. नळीचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि 30 ला त्याने भागा. जे उत्तर येईल साधारण तितके मिलिमीटर पाणी वर चढते. उलटीकडून पाहिले तर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ ती नळी गुरुत्वाकर्षणाला न जुमानता धरून ठेवते. एक मिलिमीटरची पोकळी फक्त 3 सेंटिमीटर पाणी धरते, बाकीचे खाली सोडून देते. 0.05 मिलिमीटरची पोकळी 60 सेंटिमीटर धरते. 0.01 मिलिमीटरची तर 3 मीटर. मोठ्या पोकळ्या गमावलेल्या जमिनीत मुळांच्या थरातले पाणी म्हणूनच खाली उतरत नाही. ते तिथेच अडकते आणि हवेची जागा अडवते. पाण्यात ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. मुळे अन्न तयार करत नाहीत. पानांकडून आलेली साखर ऑक्सिजनच्या मदतीने जाळून ती जगतात. मातीच्या घनफळात हवेचा वाटा 10 टक्क्यांच्या खाली गेला की बहुतेक झाडांची मुळे अडचणीत येतात. बारीक पोकळ्यांत पाणी आणि मोठ्या पोकळ्यांत हवा, हाच वाफसा. दबलेल्या जमिनीत वाफसा येतच नाही. ती चिखलातून थेट दगडासारखी कडक होते.

इथून पुढचा भाग थोडा किचकट आहे, पण खड्ड्याच्या तळाशी खडी घालण्याचा लाडका सल्ला नेमका इथेच कोसळतो. खडीमुळे निचरा सुधारतो, असे जवळजवळ सगळे मानतात. प्रत्यक्षात बारीक मातीतले पाणी केशाकर्षणाने ताणलेले असते. त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. खडीतल्या मोठ्या फटींत शिरायचे तर तो दाब जवळपास हवेच्या दाबाइतका व्हायला हवा. मातीच्या थराचा तळ पाण्याने पुरता भरेपर्यंत तो तसा होत नाही. तोपर्यंत पाणी खडीच्या उंबऱ्यावर अडून राहते. वॉल्टर गार्डनर या मृदाशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात वॉशिंग्टन राज्यात काचेच्या पातळ पेट्यांमध्ये मातीचे थर रचून हे उघड दाखवले. वरून ओतलेले पाणी खरखरीत थरापाशी येऊन थांबायचे आणि आडवे पसरायचे. घरी पाहायचे असेल तर स्पंज भिजवून आडवा धरा. ठिबकणे थांबले की तोच स्पंज उभा करा, पुन्हा पाणी गळेल. स्पंज तोच, छिद्रे तीच, फक्त उंची वाढली. तळाशी जो चिंब थर उरतो त्याची जाडी छिद्रांवर अवलंबून असते आणि उंची वाढली की तो मुळांपासून दूर जातो. खडी घालून आपण मातीची उंची कमी करतो, म्हणजे तो चिंब थर मुळांच्या अधिक जवळ आणतो.

दबलेल्या जमिनीवर वीतभर मऊ माती पसरली की याचीच दुसरी बाजू दिसते. वरच्या थरात पाणी झटकन उतरते, खालच्या थरापाशी अडते. मुळेही तिथेच अडतात. वाढत्या मुळाच्या टोकाचा जोर साधारण अर्धा ते एक मेगापास्कल (दाब मोजण्याचे एकक) असतो, आणि जमिनीत लोखंडी सळई खुपसताना 2 मेगापास्कलच्या आसपास विरोध होऊ लागला की बहुतेक मुळांची वाढ जवळपास थांबते. म्हणून ती आडवी पसरतात. पावसाळ्यात याच वीतभर थरात बुडतात, उन्हाळ्यात याच थरात होरपळतात. एकच झाड एका वर्षात पाण्याने गुदमरते आणि तहानेनेही तडफडते. माळी पाणी वाढवतो तेव्हा आणि कमी करतो तेव्हाही ते खंगतच जाते, याचे कारण हे आहे.

माती दाबणे हे मुळात वाईट काम नाही. अठराव्या शतकातला इंग्रज उद्यानरचनाकार लॅन्सलॉट ब्राउन याने ब्लेनहाइम महालासमोर ग्लाइम नदी अडवून भव्य तलाव घडवला. तशा तलावांचे बांध आणि तळ ओली चिकणमाती तुडवून, कुटून गच्च करत, म्हणजे तिच्यातल्या मोठ्या पोकळ्या मुद्दाम मारून टाकत. ज्या क्रियेने तलावात पाणी टिकते त्याच क्रियेने हिरवळ मरते.

बाजारात जमीन "आपोआप भुसभुशीत" करणारी द्रावणे मिळतात. यंत्रांनी दाबलेली जमीन कुठल्याही बाटलीने उकलत नाही. जिप्समचेही तेच. ज्या मातीत सोडियम जास्त आहे, तिथे जिप्सममधले कॅल्शियम त्याची जागा घेते आणि मातीचे कण पुन्हा गुठळ्या धरतात. हे खरे रसायन आहे आणि क्षारपड जमिनीत ते मोलाचे ठरते. पण तुमची जमीन सोडियमने नाही, रोलरने बिघडली आहे.

खरा उपाय बांधकामाआधीचा. वरची सुपीक माती काढून उथळ ढिगात वेगळी ठेवायची, बागेच्या जागेला कुंपण घालायचे आणि आत चाक फिरू द्यायचे नाही. जुने झाड असेल तर ब्रिटिश मानक सांगते, की खोडाच्या व्यासाच्या 12 पट त्रिज्येचे वर्तुळ राखावे; 40 सेंटिमीटर खोडाला 4.8 मीटर. वेळ निघून गेली असेल तर व्हर्जिनिया टेकमध्ये विकसित झालेली पद्धत वापरता येते. 10 सेंटिमीटर कंपोस्ट पसरायचे, खोदयंत्राच्या बकेटने 60 सेंटिमीटर खोलीपर्यंतची जमीन फोडून ते ढेकळांमध्ये उतरवायचे आणि मग वर माती घालून झाडे लावायची. काम जमीन कोरडी असतानाच करायचे, नाहीतर प्रॉक्टरच्या नियमाप्रमाणे ओली जमीन यंत्राखाली पुन्हा दबते. फोडलेल्या ढेकळांमधल्या फटी कंपोस्ट आणि मुळे मिळून टिकवतात.

चौकाचा प्रश्न वेगळा आहे. तिथे फरसबंदी हवी, म्हणजे खालचा थर दाबावाच लागणार, आणि मधोमध झाडही हवे. कॉर्नेल विद्यापीठात नीना बासुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात यावर फार सुंदर तोड काढली. वजनाने सुमारे 80 टक्के टोकदार खडी, 20 टक्के चिकण पोयटा आणि माती खडीला चिकटून राहावी म्हणून थोडे पाणी धरणारे जेल. हे मिश्रण प्रॉक्टरच्या कसोटीच्या 95 टक्क्यांपर्यंत दाबले तरी सगळा भार खडीवरून खडीवर जातो आणि फटींतली माती सैलच राहते, त्यामुळे मुळे फरशीखालून लांबवर जाऊ शकतात. इथली खडी थर म्हणून तळाशी नाही, मातीत सर्वत्र सारखी मिसळलेली आहे, म्हणून पाणी अडवणारा उंबरठाही तयार होत नाही. स्टॉकहोममध्ये याहून मोठे, 10 ते 15 सेंटिमीटरचे दगड आधी रचून दाबतात आणि मग त्यांच्या फटींत माती पाण्याने धुऊन उतरवतात.

दोन्ही पद्धतींत एक पथ्य कडक आहे. खडी एकसारख्या आकाराची आणि चाळलेली हवी. बारीक कच मिसळलेली आली तर तीच फटी भरून टाकते आणि मुळांना जागा उरत नाही. शिवाय चौकाच्या आतल्या बाजूला उतरणाऱ्या 200 चौरस मीटर छपरावर 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर 10,000 लिटर पाणी चौकात येते. खालची मूळ जमीन ते मुरवू शकत नसेल, तर या थराच्या तळापासून बाहेर जाणारी नळी फरशी बसवण्याआधीच टाकावी लागते.